कागदावरचा मालक

घरमालकीणबाईंनी माझ्या गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या टेबलावर ओळीनं मांडल्या, चष्मा नाकावर खाली ओढला आणि प्रत्येक पावतीच्या माथ्यावरचं कंपनीचं नाव बोट फिरवत वाचलं. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात घर भाड्यानं घ्यायचं तर नोकरीचा करार, पावत्या, कराचं विवरण असं सगळं समोर ठेवावं लागतं, शिवाय जामीन कोण राहणार तेही सांगावं लागतं. परक्या देशातल्या माणसाला जामीनदार कुठून मिळणार? त्यामुळे सगळी भिस्त त्या पावत्यांवर. बाई सत्तरीच्या पुढच्या. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी गिमराइशकडच्या एका कारखान्यात शर्ट शिवण्यात घालवलेली. त्यांनी विचारलं, "ही कंपनी काय बनवते?" मी म्हटलं, ही कंपनी काही बनवत नाही, माणसांना नोकरीवर ठेवते. "मग तू काम कुणाचं करतेस?" ते टोरांटोतल्या एका वेगळ्या कंपनीचं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मेनीना, उद्या तू कामावर गेली नाहीस, तर चौकशी करायला कोण येणार? हे की ते?"

त्यांच्या स्वरात संशय नव्हता. मला काय उत्तर द्यावं ते कळेना. घर त्यांनी दिलं, किल्ल्याही दिल्या, जाताना मार्मेलादचा डबा हातात ठेवला. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

नवऱ्याला इथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं आणि त्याच्यामागोमाग कुटुंबाच्या परवान्यावर मी आले. त्या कार्डानं मला इथे नोकरी करण्याचा हक्क दिला. नोकरी तर माझ्याकडे होतीच: रुग्णालयांच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर तपासायचं काम, जे मी पुण्यातून करत होते. कंपनी कॅनडाची, तिचं ऑफिस पुण्यात होतं, पोर्तुगालमध्ये नव्हतं. लॅपटॉप तोच, काम तेच, सकाळच्या मीटिंगला स्क्रीनवर दिसणारे चेहरे तेच. पुष्कळांना वाटतं, मग प्रश्न कुठे आला? खुर्ची बदलली इतकंच. पण ज्या मातीवर तुम्ही वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस राहता, तिथलं सरकार तुमच्या कमाईवर कर मागतं, सामाजिक सुरक्षेची वर्गणी मागतं, आणि ते रास्तच आहे, कारण तिथल्याच दवाखान्यात तुम्ही जाता, तिथल्याच रस्त्यावरून चालता. पुण्याच्या पगारपत्रकावर राहून पोर्तोत बसणं म्हणजे दोन्ही देशांच्या नोंदींत चुकीच्या जागी असणं. कंपनीच्या वकिलांना वेगळीच धास्ती होती. माझ्यासारखं एखादं माणूस इथे कायम बसून काम करू लागलं, तर इथलं करखातं म्हणू शकतं की कंपनीचंच इथे ठाणं आहे, तेव्हा कंपनीच्या नफ्यावरही कर भरा.

त्यावर कंपनीनं दोन वाटा सांगितल्या. पहिली स्वस्त आणि झटपट: राजीनामा दे, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी कर आणि दरमहा बिल पाठव. इथे त्याला हिरव्या पावत्यांवर काम करणं म्हणतात. आठ तास एकाच साहेबाच्या हाताखाली राबणाऱ्या माणसांना अशा पावत्यांवर ठेवणं हा पोर्तुगालमधला जुना दुखरा विषय आहे. दुसरी वाट महाग: इथे नोंदलेली एक मधली कंपनी मला रीतसर नोकरीवर घेईल, पगार देईल, कर कापेल, विमा उतरवेल, आणि टोरांटोची कंपनी त्या सगळ्याचे पैसे आणि वर दरमहा ठरावीक शुल्क तिला देईल. काम काय करायचं ते टोरांटो ठरवणार, कायद्यानं मालक ही मधली कंपनी. या व्यवस्थेला एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड म्हणतात, आमच्यात बोलताना नुसतं ईओआर. गेल्या दहा-बारा वर्षांत, आणि कोविडनंतर तर फारच वेगानं, हा धंदा जगभर पसरला आहे.

मैत्रिणी म्हणाल्या, बिलं पाठव, हातात जास्त पैसे येतील. लिस्बनमधल्या एकीनं तर सांगितलं की ती अजून पर्यटक म्हणूनच आहे, कॅफेत बसून काम करते, कोण बघतं? पण ती दर वेळी विमानतळावरच्या खिडकीसमोर उभी राहते तेव्हा तिच्या पोटात गोळा येतो, हेही तिनंच सांगितलं होतं. मी दुसऱ्या वाटेसाठी अडून बसले. बरेच आठवडे बसले. टोरांटोतल्या मनुष्यबळ खात्यातल्या बाईंना कळत नव्हतं की खर्च त्यांचा, तरी हट्ट माझा एवढा का. त्यांना मी चाकणची गोष्ट सांगितली नाही.

माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, आयटीआय करून सावंतवाडीहून चाकणला गेला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात लागला म्हणून मावशीनं गल्लीत पेढे वाटले. दादाच्या अंगावर त्या कारखान्याचा निळा गणवेश, खिशावर कारखान्याचं नाव, गावात आला की मुद्दाम तो घालून यायचा. पहिल्यांदा मी पुण्याहून त्याला भेटायला गेले तेव्हा गेटवर लक्षात आलं की त्याच्या गळ्यातल्या पासाचा रंग वेगळा आहे. कायम कामगारांचा पास एका रंगाचा, ठेकेदाराच्या माणसांचा दुसऱ्या. कँटीनमध्ये दोघांच्या रांगा वेगळ्या, ताटाचे दर वेगळे. मशीन मात्र एकच. शेजारी-शेजारी उभं राहून तेच पार्ट काढायचे, आणि पगाराच्या दिवशी दादानं एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत जायचं, तिथे ठेकेदाराचा माणूस वहीत सही घ्यायचा. पावती मागितली तर म्हणायचा, बँकेत येतात ना पैसे, मग कागद कशाला हवा?

प्रेस मशीनवर दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सुपरवायझरनं त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं, ठेकेदाराच्या माणसानं खासगी दवाखान्यात रोख पैसे भरले आणि टाके पडल्यावर घरी जाऊन आराम कर म्हणून सांगितलं. त्याच्या पगारातून राज्य विम्याचे पैसे कापले जात होते असं तो समजत होता; त्याच्या नावाचं कार्डच निघालेलं नव्हतं. कारखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं की हा आमच्या रोलवर नाही. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली महिनाभरानं बंद झाली होती. कायदा होता. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं ती द्यावी असं लिहिलेलं होतं, विम्याच्या कायद्यातही वर्गणीची जबाबदारी आधी मूळ मालकावरच ठेवलेली होती. हे सगळं मला नंतर, पुस्तकं चाळल्यावर कळलं. तेव्हा मावशीच्या पडवीत बसलेल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. दादा बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन एवढंच म्हणत होता, "ते म्हणतात त्यांचा नाही, हे म्हणतात आमचा नाही. मग मी होतो कुणाचा?"

आणि मी त्याच सांगाड्याची नोकरी मागून घेत होते. काम एकाचं, नाव दुसऱ्याचं.

या विचारानं मी करार हातात आल्यावर दोन रात्री नीट झोपले नाही. करार पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा दोन उभ्या रकान्यांत होता. मी प्रत्येक कलम वाचलं. मी लिहिलेली प्रत्येक ओळ आधी मधल्या कंपनीच्या मालकीची होते आणि तिथून दुसऱ्या करारानं टोरांटोकडे जाते. तो दुसरा करार मला दिसत नाही. परिवीक्षेचा काळ, रजा, नोटीस, सगळं इथल्या कायद्यानुसार. आणि एका पानावर कामाची जागा म्हणून माझ्या घराचा पत्ता. इथल्या कायद्यात घरून काम करणाऱ्याची जागा लेखी ठरवावी लागते, आणि तिथे काम करताना काही झालं तर ते कामावरचा अपघात धरतात. तो विमा उतरवणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे माझं जेवणाचं टेबल, ज्यावर मी कधी लॅपटॉप ठेवते, कधी भाकरीचं पीठ मळते, ते विम्याच्या कागदावर कारखान्याच्या मजल्याइतकंच खरं होतं. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. टेबलाशी बसणाऱ्या माझ्या बोटांना हे संरक्षण होतं. प्रेस मशीनखालच्या दादाच्या बोटांना नव्हतं.

पहिली पावती आली तेव्हा बाहेर पोर्तोचा पाऊस लागला होता. कोकणातून आलेल्या माणसाला पावसाचं काय कौतुक, पण इथला पाऊस थंडीत येतो आणि घरांच्या दगडी भिंती तो पिऊन घेतात. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते, पांघरुणं ओलसर लागतात, आणि घरात शिरताना बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी वाजते. मी स्वयंपाकघरात हीटरजवळ बसून ती पावती वाचली. सामाजिक सुरक्षेसाठी माझ्याकडून 11 टक्के. मालकाकडून त्याच पगारावर 23.75 टक्के, जे पावतीवर दिसत नाहीत, पण सरकारी संकेतस्थळावर माझ्या नावापुढे कमाईची नोंद दर महिन्याला चढते. जेवणभत्ता वेगळा. वर्षाला किमान 22 कामाचे दिवस भरपगारी सुटी. बारा महिन्यांचे चौदा पगार, एक सुटीसाठी जादा आणि एक नाताळसाठी. ही सुटी आणि हे जादा पगार कुणाच्या उदारपणावर सोडलेले नाहीत, कायद्यानं ठरवलेले आहेत. मी त्या पावतीचा फोटो काढला. दादाला पाठवावा असं मनात आलं, आणि पाठवला नाही. त्याला आनंदच झाला असता, हे मला ठाऊक होतं. तरी हात गेला नाही.

पोर्तुगालनं 2021 च्या डिसेंबरात दूरस्थ कामाचा कायदा सुधारला, जानेवारी 2022 पासून तो लागू झाला. कामाची वेळ संपल्यावर मालकानं कर्मचाऱ्याला संपर्क करायचा नाही, ही त्यातली तरतूद बाहेरच्या वर्तमानपत्रांतही गाजली. मला जास्त मोलाचं वाटलं ते दुसरंच एक कलम, ज्याची फारशी चर्चा झाली नाही. घरून काम करणारा माणूस एकटा पडू नये म्हणून मालकानं त्याची वरिष्ठांशी आणि सहकाऱ्यांशी प्रत्यक्ष भेट घडवून आणायची; करारात काही ठरलेलं नसेल तर दोन भेटींमध्ये दोन महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. एखाद्या संसदेनं एकटेपणाची इतकी मोजून-मापून दखल घ्यावी, याचं मला फार अप्रूप वाटलं. कुणीतरी त्या सभागृहात बसून विचार केला असणार की पगार वेळेवर मिळाला तरी दिवसभर भिंतीकडे बघत बसणाऱ्या माणसाचं काय होतं.

आता माझे वरिष्ठ टोरांटोत आणि सहकारी टोरांटो, पुणे आणि हॅलिफॅक्समध्ये. पण कायद्याच्या नजरेत माझा मालक इथला. त्यानं कायदा पाळला. एक दिवस निमंत्रण आलं, मातोझिन्योशच्या एका हॉटेलात दुपारचं जेवण. बंदराचा वारा, रस्त्यावर मांडलेल्या शेगड्या, त्यांवर सार्दिन भाजल्याचा धूर. त्या वासानं मला थेट मालवणच्या किनाऱ्यावर नेऊन सोडलं. टेबलाभोवती आम्ही आठ-दहा जण. लिस्बनहून आगगाडीनं आलेली मधल्या कंपनीची तरुण प्रतिनिधी सोडली, तर कुणीही कुणाला ओळखत नव्हतं. एक ब्राझीलचा, कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा कंपनीसाठी व्हिडिओ गेमची चित्रं काढणारा. एक युक्रेनची बाई, डेन्मार्कच्या कंपनीचे हिशेब बघणारी. एक पोर्तुगीज मुलगा, ज्याला सिंगापूरच्या वेळेनुसार पहाटे उठावं लागतं. सगळ्यांच्या पावतीवर नाव एकच. कायद्यानं आम्ही सहकारी.

बोलायचं काय? कामाबद्दल कुणाला कुणाचं काही कळत नव्हतं. मग भाड्याबद्दल बोललो, भिंतीच्या बुरशीवर काय लावावं याबद्दल, परवान्याच्या कार्डाची मुदत संपून नवं कार्ड येईपर्यंतच्या महिन्यांबद्दल. युक्रेनच्या बाईनं तिच्या मुलीचं शाळेतलं चित्र दाखवलं. ब्राझीलच्या माणसानं मला सार्दिनचा काटा एका झटक्यात कसा ओढायचा ते शिकवायला घेतलं आणि मी तो त्याच्याआधीच काढून दाखवला, तेव्हा सगळे हसले. मी नाराजीनं गेले होते, परत येताना मन हलकं होतं. ट्राममध्ये मात्र जाणवलं की सॉफ्टवेअरमधल्या ज्या अवघड दोषामागे मी गेला पंधरवडा लागले होते, तो सापडल्याचा आनंद त्या टेबलावर कुणालाच सांगता आला नसता. त्यासाठी टोरांटोचा तो उंच, शांत मुलगा हवा होता, जो रात्री उशिरा माझ्याबरोबर तेच नोंदपत्रक वाचत होता आणि ज्याला मी आजवर कमरेच्या खाली पाहिलेलं नाही.

मग फेब्रुवारीत मी आजारी पडले. साधा खोकला छातीत उतरला. आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरबाईंनी छाती तपासली, औषधं दिली आणि कामावर न जाण्याचा दाखला संगणकावरूनच सामाजिक सुरक्षा खात्याकडे धाडला. पहिले तीन दिवस बिनपगारी, चौथ्या दिवसापासून पगाराच्या 55 टक्के रक्कम सरकारकडून. मी दाखल्याची प्रत मधल्या कंपनीच्या पोर्टलवर चढवली आणि अंथरुणात शिरले. पोर्टलनं ती टोरांटोच्या मनुष्यबळ खात्याकडे पाठवली, तिथे ती कुठल्याशा पेटीत पडून राहिली. माझ्या चमूला काहीच कळलं नाही. कागद चोख होता, पैसे पुढे वेळेवर आले, एका सेंटचीही गडबड नाही. आणि संध्याकाळी आमच्या चमूच्या प्रमुखाचा संदेश आला की तपासणीचा अहवाल कधी येतोय. त्याला कळलं तेव्हा तो फार ओशाळला, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून फोन केला, एकजण तर पडद्यावर सूप कसं करायचं ते सांगत बसली. चांगली माणसं आहेत ती. पण तो मधला दीड दिवस, तापात पडल्या-पडल्या, मी घरमालकीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तर अनुभवत होते. आई सावंतवाडीहून व्हिडिओवर विचारत होती, "तिकडे बघायला कोण आहे गो?" नवरा होता, शेजारी होते. पण ती कामाबद्दल विचारत होती हे मला कळत होतं. तिच्या नोकरीत, पंचायत समितीच्या ऑफिसात, कुणी दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी शिपाई सायकलवरून घरी यायचा.

दादाला ही हकिगत सांगितली. त्याचा आता जेमतेम बसलेला जम आहे, कुडाळात वेल्डिंगचं दुकान, तीन बोटांनी तो इलेक्ट्रोड धरतो आणि कुणाला लक्षातही येत नाही. मला वाटलं तो म्हणेल, पैसे मिळाले ना, मग काय रडतेस. तो म्हणाला, "पैसे मिळाले ते चांगलंच. पण तुझे लोक नि तुझा मालक एका खोलीत कधी बसलेत का?" नव्हते बसले. त्यांच्यात करार आहे, बिलं जातात-येतात, पण माझ्याबद्दल ते एकमेकांशी बोललेले नाहीत. आणि दादाच्या बाबतीतही नेमकं हेच झालं होतं, कारखाना आणि ठेकेदार कधीच त्याच्यासमोर एकत्र बसले नाहीत. फरक एवढाच की माझ्या बाबतीत दोघांच्याही डोक्यावर कायदा जागा आहे आणि माझ्या कामाला बाजारात मागणी आहे. मागणी नसती, तर मी हट्ट धरू शकले असते का? मला नाही वाटत. ज्या माणसाला ही व्यवस्था सर्वांत जास्त हवी, त्याच्यापर्यंत ती सर्वांत शेवटी पोचते, हे मला टोचत राहतं.

त्या दिवशी मी त्याला माझी पावती दाखवली. त्यानं ती मोठी करून एकेक रकाना विचारला, आणि मी एकेक समजावला. पुण्यातल्या माझ्या भविष्यनिर्वाहाच्या वर्षांचं काय होणार, हेही त्यानंच विचारलं. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, 2017 पासून लागू. निवृत्तिवेतनाची पात्रता मोजताना दोन्हीकडची वर्षं एकत्र धरता येतात. इथे त्यासाठी 15 वर्षांची वर्गणी लागते. दादा म्हणाला, "मग तुझी कुठलीच वर्षं वाया नाही गेली." त्याची चाकणची वर्षं कुठल्याच नोंदीत नाहीत.

गेल्या महिन्यात मी दोन्ही कंपन्यांना एकच पत्र पाठवलं, दोघांचे पत्ते एकाच ओळीत घालून. प्रत्यक्ष भेटीच्या कलमाचा उल्लेख करून विचारलं की मी ज्यांच्याबरोबर रोज काम करते त्या माणसांना वर्षातून एकदा तरी या भेटींत कसं आणता येईल, आणि आजारपणाचा दाखला चढवला की त्याच दिवशी चमूच्या प्रमुखाला कळेल अशी सोय कोण करणार. टोरांटोहून उत्तर आलं की पोर्तुगालचा कायदा त्यांना थेट लागू होत नाही, तरी विचार करू. मधल्या कंपनीनं लिहिलं की दाखल्याची सोय लगेच करतो, प्रवासाचा खर्च मात्र ग्राहक कंपनीनं द्यायला हवा. मी दोघांना परत लिहिलं आहे आणि तिघांची एकत्र बैठक मागितली आहे. पुढच्या गुरुवारी दुपारी चार वाजता, टोरांटोत तेव्हा सकाळचे अकरा. दोघांनीही होकार कळवलाय. मुद्दे मी लिहून ठेवलेत, दादानं त्यात एक भर घातली आहे: बैठकीत काय ठरलं ते लेखी मागायचं, दोघांच्या सहीनं.